अरुळम्माचा कोळी

८ सप्टेंबर १९५७, रविवार

मंजुळा म्हणते, "तुम्हाला दोनच गोष्टी आवरत नाहीत. एक जीभ आणि दुसरी जीभ." म्हणजे खाणारी आणि बोलणारी. नगर स्टेशनावर गाडी सुटता सुटता तिने हे पुन्हा ऐकवलं आणि वर सल्ला दिला, की तिकडे डायरी लिहीत जा, बोलणारी थोडी कागदावर जिरेल. बायकोचे सल्ले मी सहसा मनावर घेत नाही. पण तंजावुरात येऊन दीड महिना झाला, मनासारखं बोलायला माणूस मिळेना, तेव्हा लिहिणं आलंच.

तर मी शामुवेल रणनवरे, पाळकाचा मुलगा. राजवाड्यातल्या ग्रंथालयात मराठी राजांच्या काळचे मोडी कागद आहेत, ते वाचून बाळबोधीत उतरवायला मला वर्षभराच्या बोलीवर बोलावलं आहे. राजवाड्यामागच्या गल्लीत तुळजाराम राव आणि वेंकूबाई या वयस्कर जोडप्याकडे मागची खोली मिळाली. यांचे पूर्वज राजांबरोबर इकडे आले ते आलेच. घरात अजून मराठी बोलतात, पण अशी की मोडी कागदातलाच एखादा कारकून उठून बोलतोय असं वाटावं, आणि वर तमिळची फोडणी. देवनागरी मात्र दोघांनाही वाचता येत नाही. त्यामुळे ही डायरी टेबलावर उघडी टाकली तरी काळजी नाही.

घर कडक शाकाहारी. इकडे ख्रिस्ती माणसाला वेदक्कार, म्हणजे वेदवाला म्हणतात. त्यात मी सांगून बसलो की दर रविवारी अय्यरांकडे जातो, कारण इथल्या चर्चच्या पाळकाला सगळे अय्यरच म्हणतात. वेंकूबाईंचा चेहरा उजळला. "वेदवाले, त्यांत अय्यरांकडे जाणारे! मग मांसमासळीचें विचारायचेंच काम नाहीं." मी गप्प बसलो. आयुष्यात पहिल्यांदा बोलणारी जीभ आवरली, आणि नेमकी नको तिथे.

तेव्हापासून अंबट भाजी, सांबार, रसम. चवीला उत्तम. पण आज रविवार, आणि नगरला मंजुळा रविवारी कोंबडीचा रस्सा करते. पुढे लिहवत नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

तमिळ आता मला बऱ्यापैकी येतं. कोणाला विचारावं लागत नाही, कानावर पडलं की अर्थ लागतो.

इथल्या लोकांची एक गोष्ट मला फार थोर वाटते. पापाबद्दलचं भान! उपासनेत पापाला 'पावम्' म्हणतात हे मी पहिल्याच रविवारी शिकलो. नंतर बघतो तर हा शब्द यांच्या तोंडी अष्टौप्रहर. बसस्टँडजवळ एक बैल घसरून पडला, तर चहूकडून "अय्यो, पावम्!" मी बैलाकडे निरखून पाहिलं. काय पाप केलं होतं त्याने, काही कळलं नाही. एका पोराच्या हातातला मुरुक्कू, म्हणजे आपली चकली, गटारात पडला. पावम्! मागच्या आठवड्यात वाऱ्याने ज्ञानमुत्तू अय्यरांची छत्री उलटी झाली आणि ते चिंब भिजले, तेव्हा खुद्द त्यांच्या पत्नी सगळ्यांदेखत त्यांना पावम् म्हणाल्या. पाळकाला, भर चर्चच्या दारात! आणि अय्यर रागावले नाहीत, हसले. वेंकूबाई तर हिंदू. पण विहिरीत पडलेल्या मांजराला त्यांनीही सोडलं नाही.

नगरची मंडळी या बाबतीत फार ढिली आहे. गेल्यावर सांगितलं पाहिजे.

५ ऑक्टोबर, शनिवार

अय्यरांनी आज माझ्यावर एक कामगिरी सोपवली. येत्या तेरा तारखेला चर्चमध्ये कापणीचा सण. लोक शेतातलं, परसातलं पहिलं काही ते देवाला आणतात, आणि उपासनेनंतर मांडवात त्याचा लिलाव होतो. अय्यर माझ्याशी इंग्रजीत बोलतात, पण घाईत असले की तमिळवर घसरतात. तरी मला सगळं समजलं. ओरत्तनाडूची अरुळम्मा म्हणून एक म्हातारी आहे. तिच्या मुलाचा टायफॉइड बरा झाला, म्हणून उपकारस्तुतीसाठी ती उद्या 'कोळी' घेऊन येणार. सणाच्या दिवशी बसला गर्दी असते, म्हणून आठवडाभर आधी. तोवर कोळ्याची सोय माझ्याकडे, कारण माझ्या खोलीमागे भिंतीने बंद असं परस आहे.

परसात कशाला? मी खोलीतच झोपवीन. कोळी म्हणजे दर्याचा माणूस, आणि प्रभूचे पहिले शिष्य कोळीच नव्हते का? बहुधा यानेच त्या मुलाची शुश्रूषा केली असावी. तुळजाराम रावांकडून एक जादा चटई आणि पाट मागून आणला. कोळी येईल तर मासे आणील, असं खाणाऱ्या जिभेने सुचवलं. मी तिला दटावलं.

६ ऑक्टोबर, रविवार

कोळी म्हणजे कोंबडा.

लाल, उंच, पायाला सुतळी बांधलेला आणि नजर फौजदाराची. अरुळम्मा त्याला काखेत घेऊन आली. तिने अंथरलेली चटई पाहिली, मांडलेला पाट पाहिला, पाण्याचा तांब्या पाहिला, मग एकट्या उभ्या असलेल्या मला पाहिलं. म्हणाली, "पावम्!" पहिल्याच भेटीत! मी तर अजून काही केलंसुद्धा नव्हतं.

तिच्याबरोबर देवसहायम आला होता. हा चर्चची घंटा वाजवतो, झाडलोट करतो. लढाईच्या काळात सैन्यात खडकीला होता, तिथलं मोडकंतोडकं मराठी त्याला येतं. रोज संध्याकाळी येऊन तो कोंबड्याला दाणे टाकणार. पूर्वी हा फार प्यायचा म्हणतात, त्यापायी एकदा चर्चची बकरी परस्पर विकली होती. आता सुधारला आहे. मी त्याच्याशी जरा अंतर राखूनच बोलतो.

मला धास्ती होती वेंकूबाईंची. पण त्यांनी कोंबड्याला पाहताच हात जोडले. "सुब्रमण्यस्वामींच्या झेंड्यावर असतो तो हाच की! आपल्या पायाने आला. बैसा म्हणावें." त्याला कुंकू लावलं, आणि स्वामींचंच तमिळ नाव ठेवलं, मुरुगा.

७ ऑक्टोबर, सोमवार

अंधार असतानाच आरवायला लागला तो आरवतोच आहे. माझ्या दाढीच्या आरशात स्वतःला पाहून चवताळला, आरसा फुटला. मी ओरडलो, तर मलाही चोच मारली. वेंकूबाईंनी त्याला वाटीभर तांदूळ घातले आणि मला विचारलं, "तुम्ही त्याला काय म्हणून छळलांत?"

त्याच्या मांड्या चांगल्या भरलेल्या आहेत. हे मी सहज, निरीक्षण म्हणून लिहितो.

८ ऑक्टोबर, मंगळवार

घडलं ते असं. त्यात माझा दोष कितपत, हे प्रामाणिकपणे सांगणं कठीण आहे.

सकाळी कोंबडा उडून भिंतीवर बसला. पलीकडे कुत्री असतात, तेव्हा पंखांची टोकं छाटलेली बरी, असा मी जबाबदारीने विचार केला. छाटून कोण देईल? बसस्टँडमागे मिलिटरी हॉटेल म्हणून एक आहे. मला आधी वाटायचं तिथे फक्त शिपायांना प्रवेश असेल. पण तसं नाही, इकडे मांसाहारी खाणावळीला मिलिटरी म्हणतात. कोंबड्यांची माहिती त्यांच्याइतकी कोणाला असणार? पिशवीत घालून घेऊन गेलो.

पंखाला तमिळमध्ये काय म्हणतात ते ऐन वेळी आठवेना. 'कापा' एवढं आठवलं. ते म्हटलं. त्यांनी कापला.

आता कापलेला कोंबडा परत जोडता येत नाही. अन्न वाया घालवणं तर पापच. देह अशक्त असतो हे प्रभूलाही ठाऊक होतं, शिष्यांना डुलकी लागली तेव्हा त्यानेच तसं म्हटलं होतं. तेव्हा मी बसलो. जड अंतःकरणाने जेवलो. दोनदा भात घेतला.

बाहेर पडतो तर कोपऱ्यावर देवसहायम. त्याने माझ्याकडे पाहिलं, माझ्या सदऱ्याच्या खांद्यावरून काहीतरी लाल चिमटीत उचललं आणि आपल्या खिशात ठेवलं. "सार, बरा हाय?" म्हणाला, आणि गेला. इथली माणसं फार टापटिपीची.

९ ऑक्टोबर, बुधवार

वेंकूबाईंनी सकाळी विचारलं, "मुरुगा कोठें?" मी म्हटलं, "मला काय माहीत? मी ग्रंथालयातून आलो तेव्हा सुतळीच होती नुसती." त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "पावम्."

त्यांना कसं कळलं? तोंडाला वास येत होता की काय? लवंग चघळत दिवस काढला.

दुपारी अय्यर आले. त्यांनाही हेच सांगितलं, फक्त इंग्रजीत. खोटं बोलायला इंग्रजी सोयीचं पडतं, आपणच बोलतोय असं वाटत नाही. अय्यरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. जाताना गल्लीच्या तोंडाशी आपल्या पत्नीला काहीतरी सांगताना ऐकलं. त्यातला एकच शब्द मला समजला. पावम्.

म्हणजे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे तोंडावर बोलतायत. तरीही कोणी शिक्षा करत नाही. ही काय पद्धत आहे?

११ ऑक्टोबर, शुक्रवार

परवापासून जेवण जात नाही. हे मी लिहितोय यावर मंजुळा विश्वास ठेवणार नाही. गल्लीत, चर्चच्या पायरीवर, ग्रंथालयाच्या दाराशी सगळे माझ्याकडे बघून माना हलवतात. पावम्, पावम्. फुलवालीसुद्धा! तिचा काय संबंध?

आणि आज त्याहून वाईट. अय्यर सांगत होते की मंडळीच्या पंचांचा देवसहायमवर संशय आहे. परसाच्या दाराची किल्ली त्याच्याकडेही असते, आणि ती जुनी बकरी कोणी विसरलेलं नाही. रविवारी लिलाव झाला की पंच बसतील, आणि बहुतेक त्याला काढून टाकतील. तो राहतो ती घंटेखालची खोलीही जाईल. अय्यरांना वाईट वाटतंय. त्यांनी विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" मी म्हटलं, "मी नवखा माणूस, मी काय सांगणार?"

म्हणजे पाप माझं आणि काढणार त्याला! मग हे सगळे मला पावम् का म्हणतायत? डोकं फिरायची वेळ आली आहे.

संध्याकाळी देवसहायम आला. कोंबडा नाही, तरी रिकाम्या जागेपाशी मूठभर दाणे टाकून थोडा वेळ उभा राहिला. मला म्हणाला, "सार जेवला नाय? सार वाळला." मी दार लावून घेतलं.

एक गोष्ट मी मंगळवारी लिहिली नाही. 'कापा' म्हटल्यावर त्या आचाऱ्याने सुरा हातात घेऊन मला विचारलं होतं, "वरुवल की कुळंबु?" परतून की रस्सा? पंखाचा शब्द न आठवणाऱ्या मला ते लख्ख कळलं, आणि मी तिथल्या तिथे शुद्ध तमिळमध्ये उत्तर दिलं, "रेंडुम्." दोन्ही.

१२ ऑक्टोबर, शनिवार

अरुळम्मा आज ओरत्तनाडूहून पुन्हा आली. कोंबडा गेल्याचं तिला कोणीतरी कळवलं होतं. परसात उभी राहून तिने मला काहीतरी विचारलं. तमिळ पुरतं कळलं नाही, पण 'कोळी' कळलं. मी दोन्ही हात हलवले. "कोळी? तेरियादु! तेरियादु!" ठाऊक नाही, ठाऊक नाही! नेमका त्याच वेळी भिंतीपलीकडचा शेजाऱ्यांचा कोंबडा आरवला. भर दुपारी! या गावात कोंबड्यांना वेळकाळ नाही.

म्हातारी माझ्या गालाला हात लावून "पावम्" म्हणाली आणि डोळे पुसत गेली.

मग चर्चमध्ये जाऊन बसलो. कोणी नव्हतं. प्रार्थना करायला लागलो तर प्रत्येक वाक्यात 'परंतु' येऊ लागला. प्रभो, मी चुकलो, परंतु त्याने आरसा फोडला होता. प्रभो, मी खोटं बोललो, परंतु इंग्रजीत. शेवटी गप्प बसलो. आणि गप्प बसल्यावर तो मघाचा कोंबडा कानात पुन्हा आरवला.

कोळी! प्रभूचा शिष्य, गालीलचा तो कोळी! प्रभूला धरून नेलं त्या रात्री शेकोटीशी बसून, मी त्या माणसाला ओळखत नाही म्हणून त्यानेही हात झटकले होते, आणि तिसऱ्यांदा झटकले तेव्हा कोंबडा आरवला होता. पाळकाच्या घरात वाढलो, ती गोष्ट शंभरदा ऐकली, आणि माझ्यासाठी कोंबडा आरवला तर मी त्याची वेळ बघत बसलो.

खूप रडलो. नाक पुसायला रुमालही नव्हता.

मग त्या गोष्टीचा पुढचा भाग आठवला, जो मी कधी नीट ऐकला नव्हता. पहाटे किनाऱ्यावर प्रभूने निखारे पेटवून त्याच कोळ्यासाठी मासे भाजले होते. नाकारणाऱ्याला आधी जाब विचारला नाही, आधी न्याहारी वाढली. बोलणं नंतर झालं. मी खादाड माणूस आहे, म्हणूनच कदाचित मला हे आज इतकं थेट पोचलं. ज्याला अन्नाची ओढ आहे त्याला देवाने अन्नावरूनच बोलावलं.

उद्या सांगायचं. लिलावाआधी, सगळ्यांसमोर, तमिळमध्ये. वाक्य पाठ केलं आहे: 'नान् कोळी साप्पिट्टेन्.' मी कोंबडा खाल्ला. फक्त तीन शब्द आहेत.

१३ ऑक्टोबर, रविवार

मांडवात भोपळे, केळीचे घड, नारळ, अंड्यांची टोपली असं सगळं टेबलांवर मांडलं होतं. एका टेबलाच्या पायाला नुसती सुतळी बांधून ठेवली होती. अरुळम्मा तिच्याशेजारी बसली होती. देवसहायम घंटेच्या खांबापाशी स्वच्छ धुतलेला सदरा घालून उभा होता. काढून टाकणार म्हणून माणूस सदरा धुतो!

लिलाव पुकारणारे निवृत्त हेडमास्तर उठले, त्यांच्या आधी मी उठलो. दोनतीनशे चेहरे माझ्याकडे वळले. मी छातीवर हात ठेवला आणि म्हटलं, "नान् कोळी."

आणि तिसरा शब्द गेला. साफ गेला.

सगळे वाट पाहत होते. मी घाम पुसला आणि पुन्हा, अधिक ठामपणे म्हटलं, "नान् कोळी!" मी कोंबडा! मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. शब्द काही येईना, तेव्हा मी हातांनी सांगायला लागलो. पंख फडफडवले. पिशवी धरून चालत गेल्याचं दाखवलं. मानेवर आडवा हात फिरवला. मग मांडी घालून बसलो, बोटं चाटली, पोटावरून हात फिरवला. दोनदा भात घेतल्याचंही दाखवलं, कारण आता लपवायचं काही नव्हतं. एव्हाना अख्खा मांडव हसत होता. मग मी देवसहायमकडे बोट करून नाही, नाही अशी मान हलवली, स्वतःकडे बोट केलं, "एन् पावम्, एन् पावम्," माझं पाप, एवढं म्हणालो आणि उभ्या उभ्या रडायला लागलो.

हसणं थांबलं. आणि मग सगळा मांडव एकसुरात म्हणाला, "अय्यो, पावम्!"

मी अय्यरांना इंग्रजीत म्हटलं, "हो, पाप आहे, मी कबूलच केलं. पण सगळ्यांनी मिळून म्हणायची काय गरज आहे?"

अय्यरांना इतकं हसू आलं की चष्मा काढून पुसावा लागला. म्हणाले, "मिस्टर रणनवरे, ते तुम्हाला 'बिचारा' म्हणतायत."

"म्हणजे?"

"आमच्याकडे पावम् म्हणजे पाप. आणि पावम् म्हणजे बिचारा, दया येते बापड्याची. शब्द एकच."

मला बैल आठवला. मुरुक्कूवालं पोर, उलटी छत्री, विहिरीतलं मांजर. पाहुण्यासाठी चटई अंथरून एकटा उभा असलेला मी. चार दिवस हे सगळे, त्या फुलवालीसकट, सांभाळायला दिलेला कोंबडा चोरीला गेला म्हणून माझी कीव करत होते, आणि मी लवंग चघळत फिरत होतो. आणि आता, सगळं कळल्यावरसुद्धा, यांनी शब्द बदलला नव्हता.

अरुळम्मा उठून आली. तिने माझ्या चेहऱ्यावरून हात ओवाळून कानशिलांवर बोटं मोडली आणि काही विचारलं. अय्यर म्हणाले, "ती म्हणते, तिने कोंबडा देवाला दिला होता, देवाने तो कोणाच्या पोटात घातला ते देव बघेल. पण तो जून होता. तो नीट शिजला होता ना, याची तिला काळजी वाटते." मी म्हटलं, "उत्तम शिजला होता." या एका बाबतीत मला खोटं बोलावं लागलं नाही.

हेडमास्तर खोकले. म्हणाले, कोंबड्याची जागा रिकामी आहे, आणि या गृहस्थांनी स्वतःच दोनदा सांगितलं की मी कोंबडा. तेव्हा लिलाव सुरू! मला धरून टेबलावर उभं केलं. डावीकडे भोपळा, उजवीकडे अंडी. बोली लागली. खरं सांगायचं तर फारशी चढली नाही, भोपळ्याला माझ्याहून जास्त आली. आणि मला घेतलं कोणी? देवसहायमने.

पंच बसलेच नाहीत. बसायला काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी वेंकूबाईंना आणि रावांना सांगितलं. वेंकूबाई तडक देवघरात गेल्या. मी ट्रंक भरायला काढली. त्या बाहेर आल्या त्या हळदीच्या पाण्याची बादली घेऊन. "परस धुवा. तुम्हीच धुवा. कुंकू लावलेला जीव खाल्लांत! मुरुगाचें काय तें सुब्रमण्यस्वामी बघतील. ट्रंक कशास काढली? रात्रीं अंबट भाजी आहे."

मी परस धूत असताना तुळजाराम राव हळूच जवळ आले, मागे पाहिलं आणि कानाशी पुटपुटले, "चव कशी असते हो?"

१४ ऑक्टोबर, सोमवार

लिलावात घेतलेला कोंबडा मालकाचं काम करतो. देवसहायमचं म्हणणं, कोंबड्याचं काम पहाटे गाव उठवणं, तेव्हा या महिनाभर पहाटेची घंटा मी वाजवायची आणि तो झोपणार.

आज अंधारातच गेलो. तो जागाच होता, मला दोर कसा धरायचा ते दाखवायला. मी विचारलं, "देवसहायम, तुला माहीत होतं?" त्याने खिशातून लाल पीस काढून माझ्या हातावर ठेवलं. तेच, माझ्या खांद्यावरचं.

"मग बोलला का नाहीस? तुला काढणार होते!"

"सार, मी बकरी इकला, तवा अय्यरला पन म्हाईत होता," तो म्हणाला. "अय्यर बोलला नाय. माझ्या दारावरनं रोज जायचा, बरा हाय का इचारायचा. महिन्यानं मी सोताच गेला. मला वाटला, सार पन येईल." मग म्हणाला, "पन सार, लई उशीर केला. मी भ्याला."

मी दोर ओढला. पहिल्या झटक्याला मीच वर उचलला गेलो. दुसऱ्याला घंटा वाजली, आणि राजवाड्याच्या बाजूने एक कोंबडा आरवला, मग दुसरा, मग सगळे. इतके दिवस मला त्यांचा राग होता. आज वाटलं, आरवा बाबांनो, रोज आरवा.

घरी आलो. वेंकूबाईंनी वाफाळती कॉफी पुढे ठेवली. माझे तळवे दोराने सोलवटले होते, ते पाहून म्हणाल्या, "पावम्." मग त्यांनाच हसू फुटलं. "कोणता पावम् म्हणूं, शामुवेलराव? पापाचा कीं दयेचा?"

मी म्हटलं, "रेंडुम्."